कप्तानाला बोलवा

"तुम्ही मला शिव्या द्या," चष्मेवाला म्हणाला.

सासूबाईंच्या हातातली सुरी गाजरात तशीच अडकली. "काय म्हणालात?"

"रोज अर्धा तास. शनिवारपर्यंत."

"अहो जावईबापू, बरं वाटत नाहीये का? दुकान बंद ठेवून पडा जरा."

मग त्याला सगळं सांगावं लागलं. चौकातल्या दुकानात तो आठवडाभर लोकांचे चष्मे बनवायचा आणि शनिवारी दुपारी रग्बीच्या सामन्यात पंच म्हणून उभा राहायचा. नियम तोंडपाठ होते. पळणंही जमत होतं. पण खेळाडू अंगावर ओरडला की त्याच्या तोंडून आपोआप "सॉरी" निघायचं. दुकानात गिऱ्हाईक ओरडलं की निघतं, अगदी तसंच.

मागच्या महिन्यात सगळं मैदान ज्याला रोडरोलर म्हणायचं असा एक आडवा गडी त्याच्यावर खेकसला होता, "आंधळ्या, लोकांना चष्मे विकतोस, स्वतःला एक घे की!" चष्मेवाला म्हणाला, "सॉरी." पुढच्या सामन्यात दोन्ही संघांनी आळीपाळीने तोंडसुख घेतलं. आता संघटनेचं पत्र आलं होतं. शनिवारी निरीक्षक येणार, आणि पंचाने पुन्हा अपशब्द गिळले तर शिट्टी जमा करायची.

"मग टाका करून जमा. या वयात कशाला ती धावपळ?"

"आणि शनिवारी दुपारी मी घरात बसून काय करू, आई?"

सासूबाईंनी अडकलेली सुरी गाजरातून ओढून काढली. शनिवारी दुपारी या घरात फक्त घड्याळ ऐकू येतं हे त्यांनाही ठाऊक होतं.

मुलीच्या आजारपणात त्या इथे आल्या आणि ती गेल्यावर इथेच राहिल्या. त्याआधी वीस वर्षं त्यांनी जावयाला धारेवर धरलं होतं. लग्नाआधी तो त्यांच्याच वरच्या खोलीत भाड्याने राहायचा, त्यामुळे जावई झाला तरी अरे-तुरे सुटलं नव्हतं. पण मुलगी गेली त्या दिवसापासून त्या त्याला "तुम्ही" म्हणायला लागल्या. चौदा महिने घरात एक वाकडा शब्द नव्हता. दोघं एकमेकांशी इतकं जपून वागत होती, की घरात कुणीतरी पाहुणा आहे आणि तो कोण हे ठरलेलं नाही, असं वाटावं.

पहिल्या दिवशी सासूबाईंनी पदर सावरला, घसा खाकरला आणि म्हणाल्या, "तुम्ही थोडे विसराळू आहात."

"आई, ही शिवी नाही."

"मग कृपा करून सांगा, काय म्हणू?"

"आधी ते 'कृपा करून' काढा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी डोळे मिटून "गाढव" म्हटलं.

"सॉरी," चष्मेवाला म्हणाला.

"झालं! अहो, सॉरी काय? ते पुस्तक वाचा!"

पंचांच्या पुस्तकातलं पान फ्रिजवर चिकटवलेलं होतं. पायरी एक: ऐकलं आहे असं शांतपणे सांगा. दोन: खेळाडूशी वाद घालू नका, त्याच्या कप्तानाला बोलवा. तीन: संघाला दहा मीटर मागे न्या. चार: कार्ड.

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, तो विचारात बूट घालूनच आत आला.

"अरे ठोंब्या! आत्ता पुसलीय ना फरशी! डोळे आहेत का नुसतीच भिंगं बसवलीयत?"

"ऐकलं मी," तो म्हणाला. या वेळी सॉरी निघालं नाही.

"ऐकलं म्हणे! वीस वर्षं ऐकतोयस, शिरलंय का काही त्या मडक्यात? मुडद्या! कपाळकरंट्या! अकलेच्या कांद्या!" चौदा महिने पडून होतं, पण गंज म्हणून चढला नव्हता.

चष्मेवाल्याने हात वर केला. "कप्तानाला बोलवा."

आणि दोघांचीही नजर आतल्या खोलीकडे गेली. या घरात सासूबाईंना आवरणारी एकच होती. आतल्या खोलीतून हाक यायची, "आई, पुरे!" आणि त्या पुरे करायच्या.

"ती पायरी सोड," सासूबाई म्हणाल्या. "पुढची कुठली?"

"दहा मीटर मागे."

त्या मोजून मागे सरकल्या. आठव्या पावलाला बाल्कनीच्या कठड्याला टेकल्या, आणि उरलेल्या शिव्या त्यांनी तिथून दिल्या.

शुक्रवारी सकाळी खालच्या मजल्यावरचे काका दुकानात आले. चष्म्याचा स्क्रू ढिला झालाय म्हणाले. स्क्रू घट्टच होता.

"किती दिवस सोसताय?" त्यांनी हळूच विचारलं.

"आता एकच दिवस राहिलाय, काका. शनिवारी मिटेल सगळं."

काकांचा चेहरा उतरला. "शनिवारी काय करणार आहात? हे बघा, भलतंसलतं काही करू नका!"

"अहो, मीच सांगितलंय त्यांना शिव्या द्यायला. सराव म्हणून."

"सगळे असंच म्हणतात," काका म्हणाले आणि त्याचा हात थोपटून गेले.

शनिवारी सकाळपासून चष्मेवाल्याने शिट्टी दहादा पुसली. मैदानावर पोचला तर खुर्चीवर वही घेऊन निरीक्षक बसलेला. इतपत ठीक होतं. पण मैदानाच्या कडेच्या दोरीपाशी काकांची गाडी होती आणि गाडीपुढे घडीच्या खुर्चीवर मांडीवर डबा घेऊन सासूबाई.

"मीच आणलं त्यांना," काका त्याच्या कानाशी लागले. "बाहेर तुम्हाला केवढा मान आहे, ते एकदा बघू देत."

विसाव्या मिनिटाला दहा-बारा गडी एकावर एक पडले. सगळ्यांच्या खाली चेंडू दाबून रोडरोलर. पडल्यावर चेंडू सोडायचा असतो; चष्मेवाल्याने शिट्टी वाजवली. रोडरोलर चिखलातून उठला.

"आंधळ्या! दिसत नाही तर घरी बस!"

चष्मेवाल्याच्या जिभेवर सॉरी येऊन उभं राहिलं. निरीक्षकाने पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात चष्मेवाल्याला गुरुवार आठवला. बाल्कनीतून आलेल्या मालापुढे हा माल अगदीच किरकोळ होता.

"ऐकलं मी," तो म्हणाला. "कप्तानाला बोलवा."

कानाला पट्टी बांधलेला कप्तान आला. "तुमच्या गड्याला आवरा," चष्मेवाला त्याला म्हणाला.

"कप्तान काय आवरतोय मला? जा, चष्मे पूस!"

"दहा मीटर मागे."

अख्खा संघ कुरकुरत मागे गेला. रोडरोलर आणखी काहीतरी बोलला. आणखी दहा मीटर. तिसऱ्यांदा तोंड उघडलं तेव्हा चष्मेवाल्याने पिवळं कार्ड वर धरलं. दहा मिनिटं बाहेर. निरीक्षक मान डोलावत लिहीत होता. चष्मेवाल्याने कार्ड खिशात ठेवलं.

"अरे मुडद्या!"

आवाज दोरीकडून आला होता.

"माझ्या जावयाला आंधळा म्हणतोस? तो आंधळा असेल, बावळट असेल, अर्धवट असेल! पण ते मी म्हणायचं! तू कोण लागून गेलास टिकोजीराव?"

निरीक्षकाचं पेन थांबलं आणि नजर पंचाकडे वळली. शिवी ती शिवी. आता सोडली तर सगळं मुसळ केरात.

चष्मेवाला दोरीपाशी गेला. "आई, ऐकलं मी."

"ऐकायलाच बोलतेय!"

"दहा मीटर मागे."

"नाही जात! मागे गटार आहे!"

कप्तान म्हणून कुणाला बोलवावं, या विचाराने त्याने आजूबाजूला पाहिलं. काका गाडीत जाऊन बसले होते. आता कार्ड काढलं तर उद्यापासून घरात पुन्हा "तुम्ही", पुन्हा "कृपा करून", पुन्हा ते घड्याळ. न काढलं तर शिट्टी गेली. त्याने डोळे मिटले आणि कार्ड वर धरलं.

"मला?" सासूबाई म्हणाल्या.

"दहा मिनिटं."

त्यांनी डबा उचलला आणि ताठ मानेने जाऊन बाहेर काढलेल्यांच्या बाकावर बसल्या. बाकावर आधीच रोडरोलर होता. काय बोलणं झालं कुणास ठाऊक. शिक्षेच्या सहाव्या मिनिटाला रोडरोलर मान खाली घालून डब्यातलं गाजर खाताना दिसला. दहाव्या मिनिटाला तो आत आला, पंचासमोर थांबला आणि म्हणाला, "सॉरी."

निरीक्षकाने जाताना वही दाखवली. "खेळाडू: उत्तम हाताळले. प्रेक्षकाला कार्ड दाखवण्याची सोय नियमात नाही, पण उपयोग झाला. नातेवाईक: सराव हवा. शिट्टी राहू द्यावी."

काका सासूबाईंना गाडीतून घेऊन गेले. चष्मेवाला चालत निघाला, आणि पंधरा मिनिटांच्या वाटेला त्याने पाऊण तास लावला. दार उघडल्यावर त्या म्हणतील, या जावईबापू, दमला असाल. बस, तेवढंच त्याला ऐकायचं नव्हतं.

दार उघडलं. त्याने पाऊल आत टाकलं.

"बूट!" सासूबाई कडाडल्या. "अरे शुंभा, चिखल घेऊन कुठे घुसतोस? आणि चारचौघांत सासूला कार्ड दाखवतोस? लाज विकून चष्मे घेतलेस का?"

"ऐकलं मी," तो म्हणाला आणि आपणहून मागे सरकला. उंबरा, जिना, एक, दोन, तीन. दहावं पाऊल काकांच्या दारासमोर पडलं. तिथे उभं राहून, तोंडभर हसू आवरत, सवयीने तो बोलून गेला, "कप्तानाला बोलवा!"

वर एकदम शांतता झाली. त्याचं हसू जागीच विरलं.

मग जिन्याच्या कठड्यावरून सासूबाईंचं डोकं पुढे आलं.

"आता मीच आहे कप्तान," त्या म्हणाल्या. "आणि पुरे म्हणतेय. वर ये, चहा निवतोय."