अंगठ्याच्या मोहिमेची हकिकत, जी वाई मुक्कामी फत्ते जाहली

श्रीकुलस्वामी बिरोबा देव माळावर आपले जागी स्वस्थ बसले असता, कृष्णाकाठी वाई मुक्कामी राहणाऱ्या मातोश्री रंगुबाईसाहेब, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, यांचे मोबाईलवर जो बिकट प्रसंग गुदरला आणि पाठचे दोघे बंधू दोन बाजूंस उभे ठाकोन भक्तसमूह फुटावयाची वेळ आली, ती हकिकत कानी पडली तशी, पदरचे मीठ बेताने घालून, येथे लिहिली आहे. वाचणारांनी चष्मा पुसोन वाचावी.

बाईसाहेबांचे माहेर वडूजपलीकडे माळावरचे. घराणे पिढ्यानपिढ्या मेंढरे राखणारे. धाकटे बंधू दोन. थोरले राजश्री आप्पासो, इस्लामपुरी साखर कारखान्याचे कचेरीत उभी हयात घालवून निवृत्त जाहलेले, शुद्धलेखनाचे मोठे अभिमानी, दुकानाची पाटी चुकीची दिसली तरी आत जाऊन मालकास बोल लावणारे. धाकटे राजश्री नाथाजी, गावीच राहिलेले, मेंढरांचे धनी, बोलणे थोडके. आई होती तोवर दोघे सणावारी एका ताटाशी बसत. आई गेली आणि फोन थंडावले, आणि मग बंधूंची गाठ पडणे ती चैत्रातले यात्रेसच पडे, कारण देवाचे पालखीची पुढली दांडी या घराण्याकडे, उजवे खांद्यास आप्पासो आणि डावे खांद्यास नाथाजी, ऐसा पूर्वापार मान.

हे बाईसाहेबांस सलत होते. म्हणोन त्यांनी मसलत करोन 'बिरोबा भक्त धर्मचर्चा मंडळ' नामक समूह मोबाईलवर उभा केला, आणि भावकीचे यच्चयावत लोक त्यात भरती केले. मनातला हेतू ऐसा की देवाचे निमित्ताने दोघे भाऊ दिवसाकाठी एका जागी दिसावे. परंतु जाहीर हेतू धर्मचर्चेचा ठेवला, आणि शिस्तीचा दस्तूर जारी केला तो ऐसा की, सकाळचे गुलाब आणि वाफाळते कप कोणी रवाना करू नयेत; अमुक जणांस पाठवा न पाठवल्यास अरिष्ट येईल ऐसे धमकीचे मजकूर आल्यास पाठवणारावरच अरिष्ट येईल; धर्माचे सवाल खुशाल करावे परंतु त्यात आपले सुनेचे उदाहरण देऊ नये; म्हैस विकणे असल्यास दुसरीकडे विकावी; आणि बोलका निरोप धाडणे तर आधी खोकून घ्यावे. हा दस्तूर वाचोन भावकीस दहशत बैसली. एक इसम तर समूहात यावयाचे आधी अंघोळ करू लागला.

देवाचे पुजारी कोंडीबा. त्यांजकडे प्रातःकाळी पूजा आटोपोन देवाचे मुखदर्शन समूहावर धाडण्याची कामगिरी सोपविली. दर्शन आले की भक्तांनी हात जोडल्याचे चित्र खाली उमटवावे, आणि सोमवारी एक सवाल घेऊन चर्चा करावी. देवास घाम येतो काय, या सवालावर ऐसी तुंबळ चर्चा जाहली की कोंडीबांनी गाभाऱ्यात पंखा बसविला. ऐसा समूहाचा अंमल सुखरूप चालला असता, राजश्री नाथाजींचे हाती त्यांचे लेकाने नवा मोबाईल दिला आणि तेथून अनर्थाचे मूळ लागले.

एके सकाळी देवाचे दर्शन आले. भंडाऱ्याने मुख पिवळेधमक, गळ्यात झेंडूची माळ. भक्तांचे जोडलेले हात रांगेने उभे राहू लागले. आणि त्या रांगेमध्ये, सर्वांस ढळढळीत दिसेल ऐसा, राजश्री नाथाजींचे नावावर एक अंगठा उभा राहिला. जाड, पिवळा, ताठ.

बाईसाहेब त्या समयी कढीपत्ता खुडत होत्या. त्यांनी अंगठा पाहिला आणि खुडणे थांबविले, कारण थोरले बंधूंचा स्वभाव त्या जाणून होत्या. कढीपत्ता हातात धरोनच त्या वाट पाहू लागल्या. इस्लामपुराहून खलिता येण्यास विलंब लागला नाही. राजश्री आप्पासो लिहिते जाहले की, कुलदैवताचे मुखासमोर अंगठा दाखविणे याचा अर्थ मराठी मुलखात काय होतो हे शेंबड्या पोरास ठाऊक आहे. देव काही सावकार नव्हे की त्यास अंगठा दाखवावा. सबब संबंधितांनी चोवीस तासांचे आत माफी मागावी, आणि ती शुद्ध भाषेत मागावी.

दुसरे दिवशी दर्शन आले. नाथाजींचा अंगठा पुन्हा आला. या खेपेस दोन.

मग समूहात दुफळी माजली. एक पक्ष म्हणे, अंगठा म्हणजे उत्तम, देवाचा शृंगार उत्तम जाहला यात गैर ते काय. दुसरा पक्ष म्हणे, देवास उत्तम म्हणणारे आपण कोण, काल कोण्या हॉटेलाचे थाळीस तुम्ही हेच दिले नव्हते काय. पहिल्यांस अंगठेकरी ऐसे नाव पडले आणि दुसऱ्यांस जोडहाते. सोयरिकी ठरत आलेल्या थबकल्या. म्हसवडकडील एका घरात नवरा अंगठेकरी आणि बायको जोडहाती जाहली, तेव्हा चहा वेगळाले होऊ लागले. मधल्यामध्ये एकाने संधी साधोन म्हैस विकून घेतली.

बाईसाहेबांनी थोरल्या बंधूस फोन लावला आणि सबुरीची गोष्ट सांगितली. तेव्हा आप्पासो म्हणाले, "आक्का, तुझा दस्तूर म्हशीला लागू हाय आन नाथाला न्हाई, असं हाय का? मग मी माझं बघतो." आणि तेच दिवशी त्यांनी 'शुद्ध बिरोबा भक्त मंडळ' नामक दुसरी गादी स्थापन करोन निम्मी फौज तिकडे वळती केली, आणि बाईसाहेबांसही न विचारता तीत ओढोन घेतले. कोंडीबा दोहींकडे दर्शन धाडू लागले, ते एकदा घाईने देवाचे जागी आपले बिजागरी तुटल्या दाराचे चित्र धाडते जाहले, आणि शुद्ध मंडळात त्या दारासही हात जोडले गेले.

मग तो वार जाहला ज्याची भीती होती. जुने समूहावर एक फिकी ओळ उमटली की नाथाजी समूह सोडोन गेले. बाईसाहेबांनी ताबडतोब गावी फोन केला. पलीकडे वारा आणि मेंढरांचा गलका. नाथाजी म्हणाले, "आक्का, मला बोलायला येत न्हाई तुमच्यावानी. दादाला यात्रंत पालखी शुद्ध लोकांसंगं उचलू दे. म्या मेंढरांच्या वाघरीपाशी बसंन." आणि फोन ठेवला.

 पालखीची डावी बाजू रिकामी, हे चित्र बाईसाहेबांचे डोळ्यांपुढून हालेना. जो समूह भावांस जोडावयासाठी उभारला, त्याच समूहाने उरलेली एक गाठही सोडविली. मग त्यांनी बाई माणसाचे मन आवरोन मास्तरणीचे मन पुढे केले, आणि समूहनायिकेचे हाती जे निर्वाणीचे अस्त्र असते ते चालविले. म्हणजे जुने समूहास कुलूप लावले. नायिकेवाचोन कोणी अक्षर लिहू नये, चित्र धाडू नये. सारा समूह एकाएकी ऐसा निपचित पडला की लोक आपले मोबाईल बिघडले समजोन दुकानी घेऊन गेले.

त्यानंतर त्यांनी दोघांस निराळे निराळे फोन करोन हुकूम दिला तो एकच. "रविवारी वाईला यायचं. कारण विचारायचं न्हाई." लहानपणी हाच आवाज ऐकोन दोघे विहिरीतून बाहेर येत, म्हणोन आताही निमूट रुजू जाहले.

नाथाजी वडूजहून निघाले, आप्पासो इस्लामपुराहून, सोबत सूनबाई उत्कर्षा. दैवयोग ऐसा की सातारचे स्टँडावर दोघांस वाईची एकच एसटी लाभली. नाथाजी पुढले दाराशी बसले, आप्पासो मागले खिडकीशी, आणि सारी वाट दोघांनी बाहेरचा डोंगर पाहिला. वस्तुतः डोंगर एकच होता. वाईस उतरताना आप्पासोंची पिशवी रॅकवर अडकली, ती नाथाजींनी हात उंचावून काढोन दिली, आणि दोघांनीही हे घडलेच नाही ऐसा चेहरा केला. हा प्रसंग उत्कर्षाबाईंनी मागाहून सांगितला.

बाईसाहेबांनी देवघरासमोर सतरंजी अंथरोन दरबार भरविला. पोहे पुढे आले. कोणी चमचा उचलीना. तेव्हा त्यांनी धाकटे बंधूस विचारले, "नाथा, सरळ सांग. देवाला अंगठा का दावलास?"

नाथाजी बहुत वेळ सतरंजीची दशी ओढीत राहिले. मग म्हणाले, "म्या दावला न्हाई, आक्का. म्या उठवला. रेशनला उठवतो, बँकेत उठवतो, तसा देवाम्होरं उठवला. आमी हजर हाय, येवढंच. मला काय तुमच्यागत लिवाया येतंय व्हय."

 हे ऐकोन बाईसाहेबांनी पोह्यांची बशी बाजूस सारली. शेकडो पोरांचे हात धरोन ज्यांनी पाटीवर मुळाक्षरे गिरवोन घेतली, त्यांचे ध्यानी आले की पाठचे भावाचा हात तेवढा धरावयाचा राहिला. त्या शाळेत गेल्या, आप्पा गेला, आणि मेंढरांमागे कोणीतरी जावे म्हणोन नाथा गेला. तेव्हा कोणास काही वाटले नव्हते.

परंतु राजश्री आप्पासो कचेरीत मुरलेले. हार खाणे त्यांचे रक्तात नाही. ते घसा साफ करोन म्हणाले, "सहीचा अंगठा डाव्या हाताचा असतो. समूहावरचा उजव्या हाताचा हाय. म्हंजे ती सही धरता येत न्हाई."

नाथाजी म्हणाले, "डावाच हाय त्यो."

"उजवा हाय."

मग प्रत्यक्ष पंचनामा करणे प्राप्त जाहले. मोबाईल मध्ये ठेविला. नाथाजींनी आपला डावा अंगठा उभा करोन चित्राशेजारी धरिला. आप्पासोंनी आपला उजवा धरिला. उत्कर्षाबाईंनी दोन्ही धरोन पाहिले. कोणी म्हणे बोटे आतून दिसतात सबब डावा, कोणी म्हणे चित्र समोरच्याचे हाताचे सबब उजवा, कोणी मोबाईल उलटा केला तो चित्रही आपसूक फिरले आणि घोळ वाढला. शेजारच्या काकू साखर मागावयास आल्या, त्यांनीही वाटी खाली ठेवोन अंगठा उभारिला. बाईसाहेबांनी नजर वर केली तो काय पाहतात, देव देव्हाऱ्यात बसलेले, आणि त्यांचेसमोर सारे घराणे शेजाऱ्यांसुद्धा अंगठे ताठ करोन बसलेले, आणि त्यांत सर्वांहून उंच अंगठा राजश्री आप्पासोंचा.

 बाईसाहेबांनी नुसते देव्हाऱ्याकडे बोट दाखविले. आप्पासोंनी मागे पाहिले, मग आपले हाताकडे पाहिले, आणि तो अंगठा कोठे ठेवावा हे न कळोन सदऱ्याचे खिशात घातला.

या संधीस उत्कर्षाबाई हळूच म्हणाल्या, "मामंजी, राग मानू नका. पण तुम्ही रोज जे पाठवता ना, ते हात जोडलेले नाहीत असं काही जण म्हणतात. ती टाळी आहे. दोघं जण एकमेकांना देतात तसली."

आप्पासोंनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला, दूर नेला. "म्हंजे मी देवाला रोज सकाळी टाळी दिली?"

"काही जण म्हणतात."

 मग नाथाजी म्हणाले, "देवानं घेतली का, दादा?"

आणि प्रथम आप्पासोंचे पोट हालले, मग खांदे, मग ते पोह्यांचे बशीवर वाकोन ऐसे हसू लागले की काकू पाणी आणावयास धावल्या. नाथाजी हसले ते बिनआवाजाचे, लहानपणी आईचे धाकाने हसत तसे. बाईसाहेबांस हसू आणि रडू यांतले काय आले हे त्यांनी पदर लावल्यामुळे कळले नाही. तो अंगठा डावा की उजवा, हे मात्र आजतागायत ठरले नाही.

मग पोहे खाऊन तह जाहला. त्याची कलमे बाईसाहेबांनी तोंडी सांगितली की, शुद्ध मंडळ आजपासून खालसा. देवाचे दर्शनाखाली यापुढे कोणी हात, बोट वा अंगठा यांपैकी काही धाडू नये, दोन अक्षरे लिहावी. ज्यास येत नसतील त्याने शिकावी. आणि शिकविण्याची जबाबदारी समूहनायिकेची, ती तिने फार उशिरा घेतली हे तिला कबूल आहे. नाथाजी म्हणाले, "आक्का, ह्या वयात?" तेव्हा बाईसाहेबांनी त्यांचा हात ओढोन आपले हाती घेतला, मेंढरांची लोकर कातरोन चरबरीत जाहलेला तो हात, आणि तर्जनी धरोन मोबाईलचे काचेवर पहिले अक्षर काढोन घेतले. मग दुसरे, मग तिसरे, ऐसी सारी दुपार त्यात गेली. आप्पासो शेजारी बसोन काही न सुधारिता पाहत राहिले, हे त्यांजकडून जाहलेले सर्वांत अवघड काम म्हणावे लागेल.

बंधू आपापले मुलखी परतले. कुलूप निघाले. नाथाजींस समूहात परत घेतले. पुढले सकाळी कोंडीबांनी दर्शन धाडिले, आणि त्याखाली भावकीची अक्षरे येऊ लागली, कोणी नमस्कार, कोणी पाव रे देवा. नाथाजींचे नाव येईना. बाईसाहेब चहा निववीत बसल्या. मग बहुत वेळाने, एकेक अक्षर हुडकीत, माळावरून मजकूर आला. 'हाजर हाय.'

त्याच क्षणी समूहाचे माथ्यावर दिसू लागले की आप्पासो काही लिहीत आहेत. दिसणे थांबले. पुन्हा लिहू लागले. पुन्हा थांबले. साऱ्या भावकीने श्वास रोखला, कारण हजर हा शब्द हाजर ऐसा लिहिलेला पाहोन ज्यांस आयुष्यात कधी राहवले नाही ते हे गृहस्थ. बाईसाहेबांचे हाती कप तसाच राहिला.

मग इस्लामपुराहून उत्तर उमटले. 'मी पण हाजर.'

येणेप्रमाणे अंगठ्याची मोहीम देवकृपेने फत्ते जाहली. चैत्रात पालखीस दोन्ही खांदे लागले. आणि समूहाचे दस्तुरात हाजर हाच शब्द शुद्ध मानावा, ऐसे मातोश्री रंगुबाईसाहेब, निवृत्त शिक्षिका, यांचे हुकुमावरोन दाखल करण्यात आले. देव राजी, भावकी राजी. मर्यादा असावी.