अच्युतराव अस्वलांचं भुसायंत्र

एका जंगलात एक अस्वल निवृत्त झालं. घाबरू नका, बाळांनो, ते चावणारं अस्वल नव्हतं. पण निवृत्त अस्वल चावऱ्या अस्वलापेक्षा जास्त जपून हाताळावं लागतं. त्याला दिवसभर वेळ असतो.

त्याचं नाव अच्युतराव. जन्मभर त्यांनी मध खात्यात नोकरी केली आणि मग सुतारकामाचा छंद धरला. गुहेच्या पुढच्या अर्ध्या भागात त्यांचं वर्कशॉप होतं. मागच्या अर्ध्या भागात त्यांची बायको प्रमिलाबाई संसार करायच्या. मध्ये एक पडदा होता.

आता अस्वलांची एक रीत ऐका. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि बारशाचा पाळणा आईच्या वडिलांनी स्वतःच्या हातानं करायचा असतो. विकतचा चालत नाही. अच्युतरावांची एकुलती एक लेक चित्रा पोटुशी होती. म्हणून अच्युतरावांनी सागाचा पाळणा करायला घेतला.

खरं सांगतो, पाळणा सुंदर झाला होता. कठड्यावर त्यांनी एकेक मधमाशी कोरली होती. पाय बसले, कड्या लागल्या. राहिलं होतं फक्त पॉलिश पेपरनं घासणं. एका दुपारचं काम.

अच्युतराव घासायला बसले. पिठासारखा बारीक भुसा उडाला. तो पडद्यातून आत गेला, वरणात पडला, दह्यात पडला आणि उरलेला प्रमिलाबाईंच्या नाकात गेला. प्रमिलाबाई शिंकत, खोकत बाहेर आल्या.

"अहो, वरणावर साय धरल्यासारखा भुसा बसलाय. या धुळीत माझं नातवंड श्वास कसा घेणार?"

अच्युतरावांचा हात थांबला. ते प्रेमळ होते, यात शंका नाही. "खरंय तुझं," ते म्हणाले. "या धुळीचं काहीतरी केलंच पाहिजे."

"करायचंय काय त्यात? पाळणा अंगणात न्या, वाऱ्याकडे पाठ करून बसा आणि घासा. संध्याकाळपर्यंत उरकेल."

अच्युतराव हसले. "अगं, अंगणात काय कुणीही घासेल! त्यात शास्त्र कुठं आलं?"

गोष्ट इथेच संपायला हवी होती, बाळांनो. बाई शहाणी होती, अंगण ऐसपैस होतं आणि वारासुद्धा चांगला सुटला होता. पण शहाण्या बाईचं पहिल्या फटक्यात ऐकलं असतं तर या जंगलात एकही गोष्ट घडली नसती.

त्या जंगलात एक 'भुसा निर्मूलन मंडळ' होतं. श्रीधरपंत हत्ती त्याचे अध्यक्ष. त्यांना कुणी लाकूड कापताना पाहिलं नव्हतं. पण त्यांना सोंड होती, त्यामुळे ओढून घेण्याच्या विषयात त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई. दर रविवारी सभासद कुणाच्या तरी गुहेत जमत, चहा पीत आणि पाइपांवर बोलत. आता ते अच्युतरावांकडे जमू लागले. चहा प्रमिलाबाईंनी करायचा, हे न सांगताच ठरलं.

"भुसा ओढायला पाइप केवढा घेताय?" श्रीधरपंतांनी विचारलं.

"चार बोटं जाड," अच्युतराव म्हणाले.

कुणीतरी गेल्याची बातमी यावी तशी सगळ्यांची तोंडं पडली.

"चार बोटं!" श्रीधरपंतांनी सोंड वर केली. "ही बघा. हिच्याहून बारीक पाइप म्हणजे पोरखेळ."

मग सोंडेएवढा पाइप आला. जाड पाइपाला मोठा पंखा लागला. मोठा पंखा थरथरायला लागला, म्हणून त्याच्याखाली दगडी ओटा आला. ओट्याला जागा हवी, म्हणून पडदा मागे सरकला. मग भुसा गोल फिरवून खाली पाडणारं एक उंच पिंप आलं. पडदा आणखी मागे सरकला.

पुढच्या रविवारी एल्बोचा विषय निघाला.

"एल्बो म्हणजे हवेचा शत्रू," श्रीधरपंत म्हणाले. "पाइपाला जेवढी वळणं, तेवढी ओढ कमी. पाइप सरळच गेला पाहिजे."

सरळ जाणारा पाइप चुलीवरून जात होता. मंडळानं त्यावर गंभीरपणे विचार केला आणि चूल अंगणात हलवली. अशा रीतीनं भुसा गुहेतच राहिला आणि प्रमिलाबाई बाहेर गेल्या.

"अहो, पाळणा कधी घासताय?" प्रमिलाबाईंनी फुंकणी आपटून विचारलं.

"यंत्र झाल्याशिवाय घासला तर धूळ नाही का उडणार? तूच तर म्हणालीस."

"मी अंगणात घासा म्हणाले होते!"

"अंगणात आता चूल आहे," अच्युतरावांनी शांतपणे दाखवून दिलं.

यंत्राचा आवाज फार येईल म्हणून त्याच्याभोवती सागाची पेटी केली. पिंपाला सागाची घोडी केली. अच्युतरावांनी वर्षानुवर्षं जमवलेलं लाकूड त्यात गेलं. पाळणा कोपऱ्यात चादरीखाली उभा होता.

तेवढ्यात चित्रा आली. गुहेत तिला पाठ टेकायलाही जागा नव्हती. शेजारच्या साळिंदरवहिनी म्हणाल्या, "आमच्याकडं ये गं पोरी, जरा सांभाळून कूस बदल म्हणजे झालं." चित्राची मुलगी साळिंदरवहिनींच्या बिळात जन्मली. अच्युतराव तिला बघायला गेले आणि त्यांचे डोळे भरून आले. "तुझ्या लेकीच्या नाकात धुळीचा एक कण जाऊ देणार नाही," ते चित्राला म्हणाले. त्यांनी अगदी मनापासून सांगितलं. म्हणूनच मला या अस्वलाचा इतका राग येतो. लबाड असते तर सोपं होतं.

यंत्र पुरं झालं. प्रमिलाबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. "दाबा आता बटण आणि घासून टाका एकदाचा."

"उद्घाटनाआधी?" अच्युतराव दचकले. "मंडळ काय म्हणेल?"

उद्घाटनाला वाघसाहेब हवे होते. वाघसाहेबांची तारीख मिळत नव्हती. मिळाली ती नेमकी बारशाच्या दिवसाची. प्रमिलाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला, पण अच्युतराव खूश झाले. "बरंच झालं की! सकाळी वाघसाहेबांसमोर पाळणा घासून होईल, दुपारी त्यातच बारसं. एका मांडवात दोन कार्यं!"

वाघसाहेब ज्यावर बसणार ते व्यासपीठही सागाचंच केलं. तेव्हा लाकूड पार संपलं.

तो दिवस उजाडला. फीत कापली, नारळ फुटला. श्रीधरपंतांनी 'धूळ आणि आपण' या विषयावर भाषण केलं. ते इतकं लांबलं की वाघसाहेबांनी दोनदा त्यांच्या मानेकडे पाहिलं. मग वाघसाहेबांनी बटण दाबलं. यंत्र गर्जलं. समोरचा पडदा पाइपात गेला, त्यामागोमाग श्रीधरपंतांची सत्काराची शाल गेली. टाळ्या पडल्या.

अच्युतरावांनी पाळण्यावरची चादर काढली आणि घासायला सुरुवात केली. यंत्र खरोखर उत्तम होतं. भुसा उठायच्या आतच गडप होत होता.

वाघसाहेब वाकून बघू लागले. "भुसा कुठाय?"

"गेला, साहेब! पिंपात!"

"मला काही दिसला नाही," वाघसाहेब म्हणाले. "मग मी उद्घाटन केलं कशाचं?"

श्रीधरपंतांनी सोंड अच्युतरावांच्या कानाला लावली. "साहेबांना दिसेल असा जाडा भुसा काढा. करवत लावा."

"लाकूड कुठाय?"

"कुठलंही चालेल, पण लवकर!"

अच्युतरावांनी इकडे तिकडे पाहिलं. पेटीला हात लावला तर यंत्र उघडं पडणार. व्यासपीठ कापलं तर वाघसाहेब खाली येणार. मग त्यांनी पाळण्याकडे पाहिलं. त्यांचा हात क्षणभर थांबला असावा. मला तसं मानायला बरं वाटतं.

'एक पाय काय, पुन्हा बसवता येईल,' असं म्हणून त्यांनी करवत चालवली. भुशाचा जाड पिवळा लोट उठला, हवेत वळला आणि सरळ पाइपात शिरला. वाघसाहेबांनी टाळी वाजवली. "वा! आणखी!"

दुसरा पाय गेला. "वन्स मोअर!" सभासद ओरडले. तिसरा गेला, चौथा गेला. मग कठडा गेला. मधमाश्यांचं काय झालं ते विचारू नका. अच्युतरावांना आता घाम फुटला होता, पण चेहऱ्यावर तेज आलं होतं. सबंध नोकरीत त्यांच्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

दुपारी बायका आल्या. पुढे प्रमिलाबाई घुगऱ्यांची परात घेऊन, मागे चित्रा. तिच्या कडेवर नवं टोपडं घातलेलं बाळ. सगळ्या दाराशी थबकल्या.

"ये, चित्रा, ये!" अच्युतराव यंत्राच्या आवाजावर ओरडले. "जमिनीवर हात फिरवून बघ. एक कण नाही!"

"बाबा, पाळणा कुठाय?"

अच्युतरावांनी तिला पिंपाजवळ नेलं आणि मोठ्या अभिमानानं झाकण उचललं. "अख्खा यात आहे. एवढासुद्धा बाहेर सांडला नाही!"

चित्रा पिंपात बघत राहिली. ती ओरडली नाही, रडली नाही. मला तर दोन्ही करावंसं वाटलं. मग ती मागे वळली आणि अंगणात निघून गेली. साळिंदरवहिनींनी आपलं जुनं लुगडं आणलं, बायकांनी दोन झाडांमध्ये त्याची झोळी बांधली आणि बाळाला तिच्यात घातलं. आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं. बायकांनी कुर्रर्र केलं आणि घुगऱ्या वाटल्या.

अच्युतरावांना यातलं काहीच ऐकू आलं नाही. यंत्र चालू होतं आणि वाघसाहेबांबरोबर फोटो चालले होते.

संध्याकाळी चित्रा बाळाला घेऊन सासरी गेली. प्रमिलाबाईही तिच्याबरोबर गेल्या, त्या काही परतल्या नाहीत. अच्युतरावांच्या गुहेवर 'आदर्श धूळमुक्त गुहा' अशी पाटी लागली. लांबलांबून प्राणी बघायला येतात. कधी कुणी विचारतं, "काय अच्युतराव, नातीचं नाव काय ठेवलं?" अच्युतरावांना ते अजून माहीत नाही. मग ते घसा खाकरतात आणि एल्बोचा विषय काढतात.

तात्पर्य: पाळणा कधीही अंगणात बसून घासू नये. संध्याकाळपर्यंत काम संपतं, बाळ गाढ झोपतं आणि सत्काराला वाघ येत नाही.