तात्यासाहेबांची घरातली गाडी

एका जंगलात डांबरी रस्ता पोहोचला होता, पण अक्कल अजून पायवाटेनेच येत होती. मुलांनो, नीट मांडी घालून बसा. ही गोष्ट त्या जंगलातल्या एका लाल, छोट्या, जुन्या गाडीची आहे.

जंगलात अच्युत नावाचा ससा राहायचा. त्याच्या बायकोचं नाव कुमुद. कुमुदला दिवस गेले होते. प्रसूतिगृह होतं घाटापलीकडच्या रानात, हत्तीणबाई डॉक्टरांचं. घाटातून बस दिवसातून एकदाच जायची, आणि कळा काही बसची वेळ बघून येत नाहीत. म्हणून दोघांनी ठरवलं, एक जुनी छोटी गाडी घ्यायची. दिसायला कशीही असो, घाट चढली की झालं.

त्या जंगलात जुनी गाडी घ्यायची एक रीत होती. मुलगी बघायला जातात तसं गाडी बघायला जायचं. सोबत एक ज्येष्ठ प्राणी न्यायचा. पोहे खायचे. मालकाच्या घराण्याची चौकशी करायची. मग गाडीकडे लांबून मान तिरकी करून बघायचं आणि म्हणायचं, छान आहे. बोनेट उघडून दाखवा म्हणणं हा मालकाचा अपमान समजला जायचा. जंगल फार सुसंस्कृत होतं.

अच्युतने सोबत कासव अण्णांना घेतलं. अण्णा जंगलात सर्वांत वयस्कर. ते आयुष्यात कधी गाडीत बसले नव्हते, त्यामुळे गाड्यांबद्दलचं त्यांचं मत निःपक्षपाती मानलं जायचं.

गाडी होती तात्यासाहेब बारशिंगा यांची. तात्यासाहेब वनसभेचे माजी अध्यक्ष. शिंगं अशी भव्य की ते नुसते उभे राहिले तरी समारंभ असल्यासारखं वाटे. अंगणात गाडी उभी होती. धुतलेली, पुसलेली, झेंडूचा हार घातलेली.

"या, या," तात्यासाहेब म्हणाले. "आधी पोहे घ्या. गाडी काय, पळून जाते की काय?"

अण्णा हसले. अच्युतही हसला. कुमुद गाडीजवळ गेली आणि तिने बोनेटवर पंजा ठेवला.

"अहो, ही गरम आहे," ती म्हणाली.

"उन्हात आहे ना," अच्युत म्हणाला.

"छप्पर गार आहे. फक्त बोनेट गरम आहे. आपण यायच्या आधी चालू करून ठेवली होती का, तात्यासाहेब?"

"पाहुणे येणार म्हटल्यावर तयारी नको का करायला?" तात्यासाहेब प्रेमाने म्हणाले.

"मग आम्ही उद्या सकाळी पुन्हा येऊ का? थंड असताना एका झटक्यात चालू होते का, एवढंच बघायचंय."

अण्णांच्या घशात पोहे अडकले. "सूनबाई," ते खोकत म्हणाले, "थोरामोठ्यांच्या घरी असं परीक्षा घेतल्यासारखं बोलू नये."

"माझी परीक्षा घाटात व्हायचीय, अण्णा," कुमुद म्हणाली.

"हिला सध्या काही ना काही सुचत असतं," अच्युत घाईने म्हणाला. "अशा दिवसांत होतं."

कुमुदने गाडीखाली वाकून बघितलं. तिथे कुणीतरी ताजी वाळू पसरली होती, आणि वाळूतून काळं तेल हळूहळू वर येत होतं. तिने दार उघडलं. किलोमीटरचा आकडा अगदी लहान होता, पण क्लचच्या पेडलवरचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं. मागच्या सीटच्या फटीत रानडुकराचे राठ केस होते.

"गाडी कुणी चालवली आजवर?" तिने विचारलं.

"सिंगल हँड आहे," तात्यासाहेब म्हणाले. "दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मी स्वतः चालवलीय."

कुमुदने गाडीच्या दाराकडे बघितलं. मग तात्यासाहेबांच्या शिंगांकडे बघितलं. मग पुन्हा दाराकडे बघितलं. मुलांनो, तुम्हीही मनातल्या मनात ती शिंगं त्या दारातून आत घालून बघा. नाही ना जात? अच्युतच्याही मनात जात नव्हती. अण्णांच्याही मनात जात नव्हती. पण तात्यासाहेबांना हे विचारायचं कुणी?

"अहो," कुमुद हळूच म्हणाली, "यांचं डोकं आत कसं मावतं, ते तरी विचारा."

"अगं, ते अध्यक्ष होते," अच्युत कुजबुजला.

अण्णांनी नंबरप्लेटवरच्या आकड्यांची बेरीज केली. ती नऊ आली. "घराणं उत्तम, नंबर उत्तम, पोहे उत्तम," अण्णा म्हणाले. "अच्युता, आता आणखी काय बघायचं असतं?"

गाडी ठरली. तात्यासाहेबांनी पेढा दिला. कुमुदने तो खाल्ला नाही, याची पुढे बरीच चर्चा झाली.

एके दिवशी पहाटे थंडी पडली होती आणि कुमुदला कळा सुरू झाल्या. अच्युतने किल्ली फिरवली. गाडी खाकरली आणि गप्प झाली. पुन्हा फिरवली. पुन्हा खाकरली. शेजारपाजारचे जमले. त्यांनी गाडीला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि मग धक्का दिला. निळा धूर सोडत गाडी चालू झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या सीटवर अण्णा बसले, कारण ज्येष्ठ प्राणी पुढे बसतो. कुमुद मागे आडवी झाली.

घाटाच्या दुसऱ्या वळणावर बोनेटखालून वाफ आली. तिसऱ्या वळणावर गाडी थांबली.

"उतरून बोनेट उघडा," कुमुद म्हणाली.

अच्युतने अण्णांकडे बघितलं.

"थांब जरा," अण्णा म्हणाले. "आधी तात्यासाहेबांना निरोप पाठवू. त्यांच्या हातची गाडी आहे. न विचारता आत हात घातला तर त्यांना काय वाटेल?"

"मला काय वाटतंय ते विचारा ना कुणीतरी," कुमुद म्हणाली.

कुणी विचारलं नाही. ती दार उघडून उतरली. रस्त्याच्या कडेकडेने थोडी चढली. मग तिला चालवेना. करवंदीच्या जाळीत ती आडवी झाली आणि तिथेच पिल्लं झाली. पिल्लं एकेक करून रडली. शेवटचं रडलं नाही. कुमुदने त्याला चाटलं, उलटं धरलं, छातीशी घेतलं. हत्तीणबाईंचं प्रसूतिगृह तिथून वरच्या वळणावर दिसत होतं.

ही बातमी जंगलात पसरली आणि सगळे हळहळले. जो तो म्हणाला, तात्यासाहेबांना फार वाईट वाटलं असेल. त्यांच्या नावाची गाडी भर घाटात थांबली. एवढ्या वर्षांची प्रतिष्ठा. लोक फळं घेऊन त्यांच्या अंगणात जाऊ लागले. तात्यासाहेब डोळे मिटून बसायचे आणि म्हणायचे, "आमच्याकडे होती तोवर कधी थांबली नाही हो."

"कशी थांबेल," लोक म्हणायचे. "गाडी हात ओळखते."

मग कुणीतरी आठवण काढली की कुमुदने पहिल्याच दिवशी संशय घेतला होता. पेढाही नाकारला होता. गाडीचं मन तिथेच मोडलं असणार. सगळ्यांना हे पटलं. एखाद्या इंजिनाला इतकं हळवं मन असतं हे जंगलाला तोवर ठाऊक नव्हतं, पण शिकायला वयाची अट नसते.

अण्णा अच्युतला घेऊन तात्यासाहेबांकडे गेले. अच्युतने हात जोडले.

"आमच्याकडूनच काही चुकलं असेल," तो म्हणाला. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"नाही रे," तात्यासाहेब म्हणाले. "मी माफ केलंय. पण सूनबाई नाही आल्या?"

कुमुद आली नव्हती. ती करवंदीच्या जाळीपाशी खड्डा उकरत होती. खड्डा लहानच लागणार होता.

तात्पर्य: मुलांनो, जुनी गाडी घेताना फक्त एवढंच बघावं की मालकाच्या मनाला ओरखडा पडत नाही ना. इंजिन बंद पडलं तर सोसता येतं, कारण ते आपण स्वतः सोसत नाही, मागच्या सीटवरचं कुणीतरी सोसतं. आणि घरात कुणाला वाळूखालचं तेल दिसत असेल, तर गाडी बघायला जाताना त्यांना घरी ठेवून जावं. पोहे शांतपणे खाता येतात.