नरेंद्र सरांनी ओळखलेला मासा

शिरपूरचे कापडाचे व्यापारी सुगनचंद यांनी नात कृतिकासाठी काचेची टाकी आणली. तीत सहा गप्पी मासे होते आणि एक मिशांचा, ठिपक्याठिपक्यांचा कॅटफिश. सुगनचंदांच्या पत्नी पानाबाई यांची एकच अट होती: घरात जीव खाणारा जीव नको. म्हणून शेजारी राहणारे, महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणारे नरेंद्र सर यांना बोलावण्यात आले.

"दुकानदार म्हणे, या मिशीवाल्याच्या दोन जाती सारख्याच दिसतात," सुगनचंद म्हणाले. "एक गरीब, एक खादाड. हा कोणता, सर?"

सरांनी चहाचा कप खाली न ठेवता पाहिले. गरीब जात उलटी पोहते आणि तिचे पोट पाठीपेक्षा काळे असते, हे त्यांना पाठ होते. माशाची वरची बाजू काळी होती.

"गरीबच हाय, काकू. कोणाले खात नाही."

"तुमी म्हणता म्हंजे झालं," पानाबाई म्हणाल्या.

आठवड्याभरात दोन गप्पी दिसेनासे झाले. "गप्पी उडी मारतात," सर म्हणाले. सुगनचंदांनी दोन कपाटे सरकवून पाहिली आणि टाकीवर झाकण बसवले. तिसरा गेला. "झाकणाले फट असन." फटीला चिकटपट्टी लागली. चौथा गेल्यावर कृतिका सरांकडे आली.

"सर, आजी तीन दिवसांपासून उपास करून राह्यली. कायले, ते सांगत नाही."

त्या संध्याकाळी सरांनी प्रथमच खिशातला चष्मा लावला आणि टाकीपुढे गुडघे टेकले. मासा सरळ पोहत होता. पहिल्या दिवशीही तो सरळच असावा. उलटे पोहणाऱ्या माशाची वरची बाजू म्हणजे पोट, असे धरून त्यांनी त्याच्या पाठीलाच पोट ठरवले होते. खरे पोट फिकट होते, आणि चांगलेच भरलेले.

गप्प राहणे सोपे होते. साक्ष द्यायला दोनच गप्पी उरले होते. पण शेजारच्या खोलीत एक म्हातारी बाई उपाशी होती.

"काकू, चूक माही हाय," सर त्या खोलीच्या दारात जाऊन म्हणाले. "हा खादाड जातीचा हाय. गप्पी यानंच खाल्ले. मी याले घरी नेतो. तुमी उपास सोडा."

"ते मले मालूम होतं," पानाबाई म्हणाल्या. "तीन दिवसांमांगं पहाटे पाह्यलं. गप्पीची शेपटी याच्या तोंडात होती."

"मंग उपास काहून?"

"तुमी म्हटलं, कोणाले खात नाही. एवढे शिकलेले तुमी. मले वाटलं, माह्याच नजरेत पाप हाय. गरीब जीवावर आळ घेऊन राह्यली मी. म्हणून."

सरांना मान वर करता येईना. सुगनचंद उगाच चिकटपट्टी सोलू लागले.

"म्हंजे माहे डोळे बरोबर हायेत ना, सर?"

"बरोबर हायेत, काकू."

"तर मंग तुमचे दाखवून घ्या कोणाले," पानाबाई मायेने म्हणाल्या. "अजून लय वर्सं पोरायले शिकवाचं हाय तुमाले."