बुडणं वेगळं, बुडी वेगळी

आमच्या बिल्डिंगमध्ये 'बुडाला' हा शब्द चालत नाही. शिव्या चालतात. तिसऱ्या मजल्यावरचे पेडणेकर पार्किंगवरून रोज ताज्या देतात, त्यांना कोणी काही बोलत नाही. पण जिन्यात कोणी 'बुडाला' म्हटलं, की पहिल्या मजल्यावरचं दार उघडतं आणि परब काकू बाहेर येतात.

माझी त्यांच्याशी ओळख अशीच झाली. आम्ही कळव्यात नुकते राहायला आलो होतो. जिना चढताना मी फोनवर बायकोला मुलाविषयी म्हणत होतो, "ताप उतरला नाही ना? मग आजची शाळा बुडाली त्याची."

दार उघडलं. "बुडाली नाही. बुडी मारली म्हणा."

"कोणी?"

"शाळेनं. बुडणं वेगळं, बुडी वेगळी. बुडणाऱ्याचं काही चालत नाही. बुडी मारणारा आपल्या मर्जीनं खाली जातो आणि आपल्या मर्जीनं वर येतो."

शाळेनं आपल्या मर्जीनं खाली जाऊन करायचं काय, हे विचारायचा मला धीर झाला नाही. मी "हो" म्हणालो आणि घरी सटकलो.

मागाहून उलगडा झाला. काकूंची सगळी हयात शाळेत मराठी व्याकरण शिकवण्यात गेली. काका लवकर गेले. एकुलता एक मुलगा, निखिल, नौदलात आहे आणि तोही पाणबुडीवर. त्यामुळे काकूंनी ते एक क्रियापद हद्दपार करून टाकलं. कोणी कुरकुर केली की म्हणायच्या, "बांगडी फुटली तर 'वाढवली' म्हणता, दुकान बंद केलं तरी 'वाढवलं' म्हणता. मग माझ्या एका शब्दानं तुमचं काय जातंय?" एकदा निखिल सुट्टीवर आला तेव्हा वॉचमन महादूनं, काकू भाजी घेऊन येत असताना, गेटवरच आनंदानं बातमी दिली, "काकू, निखिलभाऊ वर गेले!" त्या दिवशी महादूला सगळं व्याकरण पहिल्यापासून शिकावं लागलं. "वर आले म्हण! माझा मुलगा वर येतो, जात नाही."

ज्या वयात माणसं गुडघ्यांविषयी बोलतात, त्या वयात काकू पाणबुड्यांविषयी बोलतात. मोबाइलवर मिळेल ते वाचतात आणि भेटेल त्याला समजावतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी तिळगूळ हातावर ठेवता ठेवता सांगितलं, की आता सोनार फार हुशार झालेत, लांबून पाणबुडी ओळखतात. पेडणेकर वहिनी दचकल्या. "कुठले हो? आपल्या नाक्यावरचे?" मग अख्ख्या हळदीकुंकवाला कळलं, की सोनार म्हणजे पाण्यातला आवाज टिपणारं यंत्र. समुद्रात डोळ्यांचा उपयोग नाही, तिथं सगळा कारभार कानांचा. "आवाज म्हणजे पत्ता," काकू म्हणाल्या. "आवाज केला की सापडलात."

हेच तत्त्व त्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये आणलं. मी सेक्रेटरी, म्हणजे मार माझ्यावर. "नव्या पाणबुडीच्या अंगावर रबराच्या लाद्या बसवतात, आवाज गिळायला. आपल्या पाण्याच्या पंपाखाली साधी रबराची चटई नाही?" पेडणेकरांनी विचारलं, आपल्या पंपावर हल्ला कोण करणार आहे? काकू हटल्या नाहीत. सलग तीन मीटिंगांत तोच विषय आणला. शेवटी चटई आली, आणि खरं सांगायचं तर पंप सुरू आहे की बंद, हे आता मला टाकीत डोकावून बघावं लागतं.

पण प्रत्येक नवी गोष्ट त्यांना पसंत पडते असं नाही. एकदा पेडणेकर कौतुकानं म्हणाले, "काकू, वाचलंत का? आताच्या पाणबुड्यांना हवेसाठी सारखं वर यावं लागत नाही. आठवडे-आठवडे खाली राहतात."

काकू उखडल्या. "त्यात कौतुक कसलं? माणसाला वर यायला काहीतरी निमित्त नको?" पाणबुडी वर आली म्हणजे लगेच घरी फोन लावता येतो असं नसतं, हे निखिलनं त्यांना परोपरीनं समजावलं होतं. त्यांनी ते ऐकून घेतलं होतं, मानलं नव्हतं. माणसांशिवाय चालणाऱ्या पाणबुड्या मात्र त्यांना मनापासून आवडतात. "त्या पाठवा खुशाल, हव्या तितक्या. यंत्राला घरी कोणी विचारत नाही, जेवलास का म्हणून."

गेल्या वर्षी एका दुपारी टीव्हीवर बातमी आली. कुठल्याशा लांबच्या देशाची पाणबुडी बेपत्ता झाली होती. निवेदक 'बुडाली असावी' असं पुन्हा पुन्हा ओरडत होता. निखिलचा फोन बरेच दिवस आला नव्हता, हे मला ठाऊक होतं. मी धावत खाली गेलो. काकूंनी टीव्हीचा आवाज बंद केला होता आणि त्या गॅसपाशी बेसन भाजत होत्या.

"काकू, ती आपली नाही."

"माहीत आहे. पण त्यांनाही आया आहेत." उलथनं थांबलं नाही. "बुडी मारलीय त्यांनी. येतील वर. आणि निखिल येईल तेव्हा लाडू नकोत का तयार?"

ती पाणबुडी सापडली. तिची संपर्काची यंत्रणा बिघडली होती, माणसं सुखरूप होती. बिल्डिंगनं सुटकेचा निःश्वास टाकला. निखिलचा फोन मात्र आला नाही. तो आठवडा गेला, पुढचाही गेला. कोणी विचारलंच तर काकू ताठ मानेनं सांगत, "बुडी मारलीय." आम्ही विचारायचं सोडलं, कारण ते उत्तर ऐकवत नव्हतं.

मग एका सकाळी मी पंपाच्या कागदावर त्यांची सही घ्यायला गेलो असताना फोन वाजला. काकूंनी चष्मा न लावताच उचलला. "हं. जेवलास? ... इथं सगळं ठीक आहे रे. पंपाला चटई बसवलीय." कुठे आहेस, कधी येणार, एक अक्षर विचारलं नाही. फोन ठेवला, आणि उभ्या होत्या तिथंच स्टुलावर बसल्या.

"सुहास," त्या म्हणाल्या, "मी बुडाले होते रे."

इतक्या वर्षांत तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. जे सुचलं ते बोललो.

"बुडी मारली होतीत, काकू."

त्यांनी पदरानं डोळे पुसले. "व्याकरण सुधारलंय तुझं," असं म्हणून त्यांनी लाडवांचा डबा माझ्यापुढे सरकवला.