डाव्या बाहीवरचा डाग

चष्मा घ्यायचा नाही, या निश्चयावर लेनी व्रोबेल तब्बल सहा वर्षं ठाम होता. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी त्याने तो शेवटी घेतला, आणि तिथूनच सगळा घोटाळा सुरू झाला. खरं तर यंदा चष्मा घेण्यात काही शहाणपण नव्हतं. स्टोकर्सचा स्कोअर धूसर दिसणंच तब्येतीला बरं होतं.

स्टोकर्स ही आमच्या सरोवराकाठच्या शहराची टीम, चेंडू हातात घेऊन पळायच्या अमेरिकन फुटबॉलची. इथले पोलादाचे कारखाने एकेक करून बंद पडले, टीम तेवढी चालू राहिली. यंदा पहिले चार सामने तिने ओळीने जिंकले आणि पाचव्यात हॉलिसचं गळ्याखालचं हाड मोडलं. हॉलिस हा क्वार्टरबॅक. चेंडू कुणाकडे फेकायचा हे ठरवणारा आणि फेकणारा तोच, त्यामुळे तो गेल्यावर उरलेले दहा जण नुसते धावू लागले. त्याच्या जागी दोन राखीव गडी होते. ब्रॅनिगन तेवीस वर्षांचा. त्याची फेक इतकी जोरदार, की समोरच्या टीमच्या हातात चेंडू अगदी वेळेवर पोचे. केसलर एकोणचाळीस वर्षांचा. तो चेंडू चुकीच्या माणसाकडे कधीच फेकत नसे, कारण तो फेकतच नसे. समोरून कुणी धावत आलं की चेंडू पोटाशी धरून तो गुमान आडवा होई.

शहरात दोन तट पडले होते. लेनी केसलरवाला. त्याचा मेव्हणा कॅझ, म्हणजे बायको डोरीनचा थोरला भाऊ, ब्रॅनिगनवाला. एकोणीस वर्षं दर रविवारी एक वाजता हे दोघं लेनीच्या तळघरात सामना बघत आले होते. लेनी आपल्या मागे कलणाऱ्या खुर्चीत, कॅझ सोफ्याच्या डाव्या टोकाला. या जागा बदलत नसत.

"केसलर निदान चेंडू घालवत नाही," लेनी म्हणायचा.

"तुझी खुर्चीसुद्धा घालवत नाही. तिला उतरव मैदानात."

"तुझ्या ब्रॅनिगनने गेल्या रविवारी चार वेळा चेंडू त्यांना दिला. चार."

"अरे, पण त्याचा हात बघ."

"हात बघून काय करू? मला काय जावई करून घ्यायचाय त्याला?"

पण लेनीचा खरा भरवसा दोघांपैकी कुणावरच नव्हता. तो होता आपल्या जर्सीवर. अकरा वर्षांपूर्वी स्टेडियममध्ये मागच्या माणसाच्या सॉसेजवरचं मस्टर्ड, म्हणजे मोहरीची चटणी, तिच्या डाव्या बाहीवर सांडलं, आणि पुढच्याच फेकीवर स्टोकर्सने हरलेला सामना जिंकला. त्या दिवसापासून जर्सी धुवायची नाही, असं ठरलं. (ठरवलं लेनीने. डोरीनला फक्त कळवलं.) सात वर्षांपूर्वी टीमने करंडक जिंकला तो या डागामुळे, हे लेनीला ठाऊक होतं, टीमला ठाऊक नसावं. जर्सी प्लास्टिकच्या पिशवीत, तळघरातल्या खुंटीवर टांगलेली असे. खुंटीच्या बरोबर खाली वॉशिंग मशीन होतं, पण त्यात लेनीला कधी काही संशयास्पद वाटलं नव्हतं.

तर त्या रविवारी नवा चष्मा लावून त्याने डागाकडे पाहिलं, मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. डाग पिवळा होता.

आमच्या स्टेडियममध्ये पिवळं मस्टर्ड मिळत नाही. तिथलं मस्टर्ड तपकिरी, मोहरीचे दाणे दिसणारं, नाकात झिणझिण्या आणणारं. पिवळं मागणाऱ्याकडे लोक वळून बघतात. म्हणजे ही जर्सी त्याची नव्हती. कुणीतरी ती बदलली होती.

कुणीतरी म्हणजे कोण, हे शोधायला फार लांब जावं लागलं नाही. सामना संपून जर्सी खुंटीवर गेली की कॅझ तळघरातल्या बाथरूममध्ये जातो, आणि बाथरूमची वाट खुंटीवरूनच जाते. कॅझच्या घरी पिवळं मस्टर्ड असतं. चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या जेवणात, लेनीने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि मोठ्या मनाने गप्प बसला होता. जर्सीचं बळ केसलरला मिळू नये म्हणून हा माणूस काय वाटेल ते करील. त्या दिवशी लेनीने सामना पाहिलाच नाही. तीन तास तो कॅझकडेच बघत होता.

"माझ्या तोंडाला काही लागलंय का?" कॅझने अखेर विचारलं.

"तुलाच माहीत," लेनी म्हणाला.

सामना गेला. त्याच संध्याकाळी लेनीने सापळा लावला. पिशवीचं तोंड दुमडून त्यावर चिकटपट्टी लावली, आणि पट्टीवर पेन्सिलीने बारीक फुली मारली. मंगळवारी पाहिलं तर पट्टी होती, फुली नव्हती. शिवाय पिशवीतून लॅव्हेंडरचा मंद सुवास येत होता. अकरा वर्षं न धुतलेल्या जर्सीला लॅव्हेंडरचा वास येतो, याचा अर्थ कुणीही सांगेल.

"सोमवारी कोण आलं होतं?" त्याने डोरीनला विचारलं.

"कॅझ. अंगणातली पानं उडवायचं यंत्र परत द्यायला." आणि मग जरा थांबून तिनेच विचारलं, "का रे?"

"सहज," लेनी म्हणाला. तिचं ते थांबणं त्याच्या ध्यानात आलं होतं, पण बहीण भावाला पाठीशी घालणारच, असा त्याने अर्थ लावला.

पुढचा रविवार निकालाचा होता. हरलो तर यंदाचं संपलं. साडेबाराला कॅझ पिरोगींची, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांची, थाळी घेऊन जिना उतरला, तेव्हा लेनी खुर्चीत नव्हता. तो खुंटीपाशी हाताची घडी घालून उभा होता.

"कॅझ, माझी जर्सी कुठंय?"

"तुझ्या अंगात."

"ही नाही. माझी."

कॅझने थाळी खाली ठेवली. "तुला म्हणायचंय काय नक्की?"

"मला म्हणायचंय, की या घरात पिवळं मस्टर्ड खाणारा एकच माणूस येतो."

कॅझला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. आईच्या अंत्यविधीलासुद्धा हा माणूस इतका उतरलेला दिसला नव्हता.

"एकोणीस वर्षं, लेनी," तो म्हणाला. "तुझ्या टीमच्या वाइटावर मी असेन, असं वाटलं तुला? माझी टीम नाही ती?" त्याने टोपी उचलली आणि तो जिन्याकडे निघाला. लेनी एक पाऊल त्याच्या मागे गेला, पण आता माघार घेणार कशी?

जिन्यात डोरीन उभी होती. हातात कपड्यांची टोपली.

"थांब रे कॅझ. जर्सी मी धुते," ती म्हणाली.

कॅझने टोपी पुन्हा खाली ठेवली.

"कधीपासून?" लेनीने विचारलं.

"अकरा वर्षं. दर सोमवारी. धुते, वाळवते, आणि मग डाग पुन्हा लावते. ब्रशने."

"करंडकाच्या वर्षीसुद्धा?"

"त्या वर्षी तर दोनदा कपडे मऊ करायचं औषध घातलं होतं. अरे, वास यायचा, लेनी. पहिल्याच महिन्यात पोस्टमन पत्रं शेजारी ठेवून जायला लागला होता."

"मग हे पिवळं कसं?"

"तपकिरी बाटली संपली. बटाट्याच्या सॅलडसाठी पिवळं आणलेलं होतं फ्रिजमध्ये. मला वाटलं, याला कुठे दिसतंय?"

"कधी संपली?"

डोरीन बोटांवर मोजू लागली. मोजता मोजता तिचा हात थांबला आणि ती जिन्याच्या पायरीवर बसली.

"चौथ्या सामन्यानंतरच्या सोमवारी."

तिघांनीही एकदम वॉशिंग मशीनकडे पाहिलं. त्यानंतरचा सामना पाचवा. एकोणीस वर्षं या दोघांच्या वेडाला हसत आलेली बाई, पण आता तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"बिचारा हॉलिस," ती पुटपुटली.

"कॅझ, मी चुकलो," लेनी म्हणाला. "गाढवपणा केला."

"तो नेहमीचाच आहे. आधी मस्टर्ड आण."

"सामना सुरू होईल."

"म्हणून तर आण."

मग लेनीने एक गोष्ट केली, जी त्याने आयुष्यात कुणासाठी केली नव्हती. "मी येईपर्यंत माझ्या खुर्चीत बस," तो कॅझला म्हणाला. आणि मोटार काढली.

पहिल्या दुकानात तपकिरी नव्हतं. दुसरं बंद. तिसऱ्यात एकच बाटली उरली होती आणि तिच्यावर एका म्हातारीचा हात होता; लेनीने तिला सगळी हकिकत सांगितली, तेव्हा तिने बाटली तर दिलीच, वर खांद्यावर थोपटलंही. (तीही केसलरवाली निघाली.) मोटारीतला रेडिओ त्याने लावला नाही. जर्सीवर खरा डाग नसताना ऐकणं धोक्याचं होतं.

घरी पोचला तेव्हा तळघरातून आरडाओरडा ऐकू येत होता. स्टोकर्स एकवीस, पाहुणे शून्य. ब्रॅनिगनने तीन वेळा चेंडू थेट आपल्याच माणसाच्या हातात दिला होता, आणि लेनीच्या खुर्चीत कॅझ रडत होता.

"तू बघायला हवं होतंस," तो म्हणाला.

लेनीने घाईघाईने ब्रशने डाग लावला. तपकिरी, दाणेदार, खरा. कॅझ उठून सोफ्याच्या डाव्या टोकाला गेला. लेनी खुर्चीत बसला, चष्मा पुसला आणि मैदानाकडे पाहिलं.

पुढचीच फेक ब्रॅनिगनने समोरच्यांच्या हातात दिली. एकवीस, सात. प्रशिक्षकाने केसलरला पाठवलं. केसलर आडवा झाला, आणि या वेळी चेंडूही सुटला. एकवीस, चौदा.

बहीणभावांनी एकमेकांकडे पाहिलं, मग दोघांनी लेनीकडे. तसं बघणं लेनीच्या चांगल्या ओळखीचं होतं. गेले आठ दिवस तो स्वतः तसाच बघत होता.

"लेनी," डोरीन अगदी मायेने म्हणाली, "दूध संपलंय."

"सकाळीच तर आणलं मी."

"संपलंय म्हणते ना."

कॅझने त्याच्या हातात टोपी दिली. मोटारीची किल्लीही.

दुकानाच्या दारात उभा असताना लेनीला आख्ख्या शहरातल्या मोटारींचे भोंगे ऐकू आले. जिंकलो होतो. त्यानंतरचे चार रविवारही जिंकलो. जर्सी आता दर सोमवारी उघडपणे धुतली जाते. डाग तेवढा लेनी स्वतः लावतो, चष्मा घालून, तपकिरी मस्टर्डचा. मग रविवारी एकला पाच कमी असताना ती जर्सी तो खुर्चीच्या पाठीवर नीट टांगतो आणि दूध आणायला जातो.