पाटील सरांची डबी

पाटील सर चित्र पाहत नाहीत, तपासतात. आधी कागद उजेडाकडे धरतात, मग मागची बाजू बघतात, मग वास घेतात आणि शेवटी चित्र काढणाऱ्या मुलाकडे वळून विचारतात, "हात कुणाचा?"

रेवसजवळच्या आमच्या शाळेत ते चित्रकला शिकवतात आणि मी मराठी. अकरा वर्षं आमची टेबलं शेजारी आहेत. मुलांची निम्मी चित्रं त्यांच्या आया काढतात आणि उरलेली मोबाईल काढतो, असं सरांचं ठाम मत. संशय तेवढ्यावर थांबत नाही. चहा आला की ते कपाला हात लावत नाहीत. मी पहिला घोट घेतला, मला काही झालं नाही, असं दिसलं की मगच पितात. गाव कुठलं विचारलं, तर "का? काय काम काढलंत?" त्यामुळे अजून मला त्यांचं गावही माहीत नाही.

अर्थात, संशयाचा मक्ता त्यांच्या एकट्याकडे नव्हता. त्यांच्या शर्टाच्या खिशात एक पितळी डबी असायची. मधल्या सुट्टीत ते खिडकीकडे तोंड करून ती उघडत, बघत आणि पुन्हा बंद करत. यावर स्टाफरूममध्ये दोन तट होते, तंबाखू आणि तपकीर. मी तंबाखूवाली. हेडमास्तरांच्या कानावरही मी ते घालून ठेवलं होतं, खोटं कशाला सांगू!

यंदाच्या चित्रप्रदर्शनात मी लुडबुड केली. मुलांनी चार ओळींची कविता लिहायची आणि तिच्यावरून चित्र काढायचं, असं ठरवून घेतलं. नववीतल्या प्रणालीने लिहिलं:

आई माझी पाणी पेरते,
ऊन राखण करतं,
थोड्या दिवसांनी वाफ्यात
पांढरं उगवून येतं.

चित्रात मिठागराचे वाफे होते. निळ्या पाण्यात पांढरी फुलं फुटलेली, काही तर कागदातून वर आलेली. मला ते फार आवडलं. पाटील सरांनी उद्घाटनाच्या सकाळी ते भिंतीवरून उतरवलं.

"कविता तुमची दिसतेय," ते मला म्हणाले, "आणि चित्र यूट्यूबचं. हे नववीच्या मुलीचं काम नाही. हात कुणाचा?"

मी भडकलेच. प्रणाली रडायच्या बेतात होती.

"सर, मीच काढलाय ओ. मीठ हाय. रंग ओला असताना टाकला का फुला उमटतान. सर, माजी आयस येनार हाय तीन वाजता, कामावरशी सुट्टी काढून."

प्रणालीची आई कधी पालकसभेलाही आलेली नव्हती. आज ती येणार आणि भिंतीवर मोकळा खिळा बघून परत जाणार!

सरांनी चित्र उजेडात धरलं. वास घेतला. आणि मग प्रमुख पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत चित्राला जीभ लावली.

सर डोळे मिटून उभे.

"मीठच आहे," ते म्हणाले. "दुकानातलं नाही, वाफ्यातलं." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने ते चित्र समोरच्या भिंतीवर अगदी मधोमध टांगलं.

दुपारी खाडीवरून वारा सुटला आणि चित्रातल्या मिठाला पाणी सुटायला लागलं. ते पहिल्यांदा दिसलं सरांनाच. त्यांनी खिडक्या लावल्या, गॅदरिंगचा हॅलोजन आणून चित्रावर सोडला आणि शेजारी स्टूल टाकून बसले. घामाने निथळत होते.

"जेवायला चला," मी म्हटलं.

"पहारा देतोय. इथे कोण हात लावेल, भरवसा नाही."

तीन वाजता प्रणालीची आई दारात आली. चपला बाहेर काढून, पदर सारखा करत. तक्रारीसाठी बोलावलंय अशीच तिची समजूत दिसली.

"काय केला पोरीनी?"

प्रणालीने तिला चित्रापुढे नेलं. बाईने हात पुढे केला आणि लगेच मागे घेतला. मिठाने फुटून भेगाळलेला हात तो. सर त्या हाताकडेच बघत होते. आता हे "हात कुणाचा?" विचारणार, म्हणून मी मध्ये पडायला पुढे झाले.

"लावा हात," सर म्हणाले. "कनचे मिठागरान जाता?"

सरांच्या तोंडून ही बोली मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांनी खिशातून डबी काढली. मी मान लांब केली. आत तंबाखू नव्हता, तपकीरही नव्हती. कोकमाच्या तेलाचा पिवळसर गोळा होता, बोटही न लागलेला.

"निजताना लावा भेगांना. आमचे आयशीला मी लावाचो."

"बरी हाय ना आयस?"

"नाय. जावून चार वरसा झाली." सरांनी डबीचं झाकण लावलं. "तेल भरून ठेवतो तरी. सवय."

डबी त्यांनी तिच्या हातात दिली. मला माझीच इतकी लाज वाटली की मी तिथून सटकून प्रमुख पाहुण्यांना निरोप द्यायला गेले. ते कधीच निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी मी हेडमास्तरांकडे जाऊन तंबाखूची तक्रार मागे घेतली. मधल्या सुट्टीत सर खिडकीशी उभे होते. हात सवयीने खिशाकडे गेला आणि तसाच परत आला.

चहा आला. मी मुद्दाम कपाला हात न लावता वह्या तपासत बसले. बऱ्याच वेळाने सर टेबलाशी आले, माझ्या भरलेल्या कपाकडे एकदा पाहिलं, आणि आपला कप उचलून माझ्या आधी घोट घेतला.